लान्दीबाईंचा बिनबुडाचा खड्डा

बार्तोलो उक जगात एकाच गोष्टीला भीत असे, ती म्हणजे उंची. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे गुडघे लटपटायला लागत. छपराची पानं बदलायची वेळ आली की नेमका तो आजारी पडे. तसा साठीला टेकलेला, चांगला दणकट गडी. झुले विणून विणून हात दोरखंडासारखे झालेले, आणि पाण्यात तर असा पोहायचा की माशांनी बघत राहावं. पण त्याच पाण्यात वरून उतरायचं म्हटलं, की त्याला घरची राहिलेली सगळी कामं एकदम आठवत.

अशा माणसाने प्रेमात पडावं कुणाच्या, तर लान्दी कानुलच्या.

लान्दीबाईंची खानावळ सेनोतेच्या अगदी काठावर होती. साकहा गावाला नदी नाही, तळं नाही. जमिनीला एक गोल भोक पडलंय आणि त्याच्या तळाशी निळंशार पाणी आहे, तोच आमचा सेनोते, तोच डोह. काठावरच्या वडाची मुळं पार पाण्यापर्यंत लोंबतात. लोक शहरातून पोहायला येत आणि लान्दीबाईंचे पानूचो खाऊन जात. घेवडा भरून तळलेली मक्याची पोळी, वर टर्कीचं मटण आणि कांदा. काही जण पोहायचं विसरून नुसते खातच बसत. बाईंच्या हाताला चव होती आणि जिभेला धार होती, आणि दोन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला एकाच ताटात मिळत.

लान्दीबाई विधवा, बार्तोलो विधुर, दोघं एकाच शाळेत मार खाल्लेली. सगळं जुळत होतं. फक्त विचारायचं कसं, एवढाच प्रश्न होता, आणि तो बार्तोलोने गेल्या वर्षी सान इसिद्रोच्या जत्रेत सोडवला.

जत्रेच्या पहिल्या संध्याकाळी कचेरीच्या कमानींपुढे हाराना नाचतात. नाच रंगात आला की कोणीतरी "बोंबा!" अशी आरोळी ठोकतं, वाजंत्री जागच्या जागी थांबतात, आणि आरोळी देणाऱ्याने सगळ्यांच्या देखत एक काव्य म्हणायचं असतं. आमचा गावसंत सान इसिद्रो कोपऱ्यात फुलांच्या मखरात बसून सगळं ऐकत असतो. त्यामुळे बोंबेत दिलेला शब्द परत घेता येत नाही. दारूच्या नशेत दिलेला घेता येतो, कोर्टात दिलेलाही घेता येतो, पण बोंबेतला नाही. तर बार्तोलोने आरोळी दिली आणि टोपी छातीशी धरून म्हणाला:

"झुला माझा दोघांपुरता, अर्धा राही रिकामा;
लान्दीबाई, हो म्हणा ना, लावा मला कामा."

गावाने टाळ्या पिटल्या. लान्दीबाईंनी पदर सावरला, स्वतःच "बोंबा!" म्हणाल्या, आणि लगेच परतफेड केली:

"झुल्यात निजून बायको मिळेना, ऐका बार्तोलोराव;
पुढल्या जत्रेआधी डोहात कड्यावरून उडी मारा, मगच घ्या माझं नाव."

दुसरी ओळ जरा लांबली होती, पण कोणी तक्रार केली नाही. गाव पोट धरधरून हसलं. बार्तोलोही हसला, घरी गेला, आणि आपल्या दोघांपुरत्या झुल्यात एकटाच रात्रभर छपराकडे बघत पडला.

त्या दिवसापासून त्याचा एक नेम झाला. सकाळी उठायचं, कड्यावर जायचं, खाली बघायचं, आणि लान्दीबाईंच्या खानावळीत येऊन बाकावर बसायचं. बाई न विचारता कॉफी ओतत.

"मारलीस उडी?"

"आज वारा आहे."

दुसऱ्या दिवशी पाणी गार असे. तिसऱ्या दिवशी वडावर पाखरांची पिल्लं असत, त्यांना उगाच कशाला घाबरवायचं.

"आणि आज?" एकदा बाईंनी विचारलं.

"आज शनिवार आहे."

"शनिवारी काय होतं?"

"होत काही नाही," बार्तोलो म्हणाला, "पण शनिवार आहे."

बाकावर शेजारी सेराफिन पोत बसलेला असे. त्याचा डुकरांचा गोठा होता आणि स्वभाव गोठ्याला शोभेसा होता. "ताता," तो म्हणे, वडीलधाऱ्यांना आमच्याकडे असंच हाकारतात, "माझी डुकरं तुझ्यापेक्षा बरी. निदान चिखलात तरी बेधडक उडी मारतात." बार्तोलो कॉफीत तोंड खुपसे. वर्ष असंच सरत आलं. लान्दीबाईंची लेक कानकूनला हॉटेलात नोकरीला होती, ती आईला कायमची तिकडे बोलवत होती, आणि बाई तिला फोनवर सांगत होत्या, "जत्रा होऊ दे, मग बघते." हे बार्तोलोने ऐकलं होतं. जत्रेआधी उडी मारली नाही, तर बाई कानकूनला जाणार, हे त्याला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ कळत होतं. कळून काय उपयोग? गुडघ्यांना कुठे कळत होतं!

आणि जत्रा तोंडावर आली असताना आरोग्य खात्याने डोहच बंद केला.

शहरातून आलेल्या काही लोकांची पोटं बिघडली होती. मग मेरिदाहून एक इंजिनिअर बाई आल्या, रुबी एस्कालान्ते नावाच्या, पोरसवदा, गळ्यात दुर्बीण असावी तसा मोठा चष्मा. त्यांनी बाटल्या भरून पाणी नेलं आणि परत येताना शिक्का मारलेला कागद आणला. पाण्यात माणसाच्या किंवा जनावराच्या पोटातली घाण सापडली होती. पोहायला बंदी, बुडी मारायला बंदी, पाय बुडवायलासुद्धा बंदी. काठाला लाल-पांढरी पट्टी बांधली गेली. गावचा कारभारी विल्बेर्त याने कचेरीच्या भोंग्यावरून जाहीर केलं: "जो कोणी डोहात उडी मारेल, तो अख्खा एक दिवस कोठडीत. पाय घसरून पडला तर माफ, पण घसरल्याचं पटवून द्यावं लागेल."

"आणि कोणी ढकललं तर?" सेराफिन खालून ओरडला.

"तर ढकलणारा आत," भोंगा म्हणाला.

बंदीची बातमी कळली तेव्हा बार्तोलोला इतकं हायसं वाटलं, की त्याने घरातल्या घरात, दाराला कडी लावून, हारानाची दोन पावलं टाकली. सरकारनेच बंदी घातली, आता त्याने तरी काय करावं! नाचता नाचता त्याला कानकून आठवलं आणि पाऊल हवेतच राहिलं. तो तसाच खानावळीत धावला.

"लान्दी, डोह बंद झाला."

"बघतेय ना. गिऱ्हाइकं परत चाललीत."

"मग आपली अट?"

"अट कुठे बंद झालीय?" बाई पीठ मळत म्हणाल्या. "संताच्या देखत दिलेला शब्द आहे. खात्याने शिक्का मारून तो रद्द होतो का?" एवढं बोलून त्यांनी कॉफी ओतली, पण त्या दिवशी ती जरा फिकी होती.

त्या फिक्या कॉफीने बार्तोलो पेटला. तो तडक रुबीबाईंकडे गेला आणि डोह कधी उघडेल ते विचारलं. घाण कुठून येते ते सापडेल, ती थांबेल, आणि मग पाणी स्वच्छ निघेल तेव्हा, असं त्या म्हणाल्या.

"मग शोधा की."

"एकटी आहे मी, काका."

"आता दोघं," बार्तोलो म्हणाला आणि त्याने त्यांची जड पेटी उचलली.

उडी मारायला वर्षभर न धजलेला माणूस आता पाण्याच्या शुद्धतेवर असा काही बोलायला लागला, की लोक त्याला बघून रस्ता बदलायला लागले. दोरी विणता विणता तो जंतूंची नावं पाठ करी. पोरांना हात धुवायला लावी. आणि गुन्हेगार कोण, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती: सेराफिनची डुकरं. तसं त्याने सेराफिनला तोंडावर सांगितलं. सेराफिन म्हणाला, "माझी डुकरं तुझ्या घरापेक्षा स्वच्छ राहतात. पुरावा आण आणि मग बोल."

पुराव्यासाठी रुबीबाईंनी रंग काढले. डोहाच्या जवळ घाण जिरवणाऱ्या जागा तीनच होत्या. तिन्हींत वेगवेगळा रंग ओतायचा आणि डोहात कोणता उमटतो ते बघायचं. रंग निरुपद्रवी होता, फक्त भडक होता. सेराफिनच्या गोठ्याला लाल, शाळेच्या संडासाला निळा, आणि लान्दीबाईंच्या खानावळीच्या संडासाला हिरवा.

"माझ्या इथे कशाला?" बाईंनी भुवई चढवली. "पण ओता, ओता. आधी माझ्याच इथे ओता. गावाला कळू दे स्वच्छता कशाला म्हणतात."

बाईंचा संडास हा साकहाचा अभिमान होता. पांढऱ्या फरशा, साखळी ओढली की धो धो पाणी, दारावर कोरलेलं फूल. शहरातले लोक त्याचे फोटो काढत. आणि त्याचा खड्डा खुद्द बार्तोलोने खणलेला होता, बाईंचा नवरा गेला आणि त्यांनी खानावळ टाकली त्या वर्षी. आमची जमीन म्हणजे निव्वळ खडक. हातभर खणायचं तर पहार बोथट होते आणि माणूस म्हातारा. बार्तोलो पहिल्याच दिवशी घामाने निथळला होता. दुसऱ्या दिवशी पहार एकदम आत गेली, हातातून सुटता सुटता राहिली, आणि खालून थंडगार वारा तोंडावर आला. जमिनीखाली आयतीच पोकळी होती. गावात ज्याला अशी पोकळी लागते त्याचं नशीब थोर मानतात. खणायची कटकट नाही, आणि खड्डा कधी भरतही नाही. बार्तोलोने आनंदाने शीळ घातली होती, लान्दीबाईंनी कोंबडी कापली होती, आणि सगळा गाव येऊन त्या बिनबुडाच्या खड्ड्यात वाकून बघून गेला होता. काहींनी मत्सराने खडे टाकून पाहिले. खडा पडल्याचा आवाज आला नव्हता. बार्तोलोने आयुष्यात कुणाला दिलेली ती सगळ्यात चांगली भेट होती.

रुबीबाईंनी पूड टाकली, साखळी ओढली. पाणी क्षणभर नारिंगी झालं, मग झगझगीत हिरवं, आणि गुडगुडत दिसेनासं झालं.

"हा खड्डा शेवटचा कधी उपसला?" त्यांनी विचारलं.

"उपसायचा?" लान्दीबाई हसल्या. "एकदासुद्धा नाही. साखळी ओढली की गेलं."

"कुठे गेलं?"

कुठे गेलं, हा प्रश्न साकहात आजवर कोणी विचारला नव्हता. बाईंनी बार्तोलोकडे पाहिलं. बार्तोलोने मोठ्या रुबाबात बोट खाली केलं.

"खाली," तो म्हणाला. "मीच खणलाय. बूडच नाही त्याला."

रुबीबाईंनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. इंजिनिअर बाई खड्डा बघून भारावून गेल्या, असं बार्तोलोला वाटलं.

रंग कधी उमटेल ते जमिनीलाच ठाऊक होतं. तो उमटला जत्रेच्या पहिल्याच दिवशी, दुपारी; जत्रा लागायला संध्याकाळ व्हायची होती.

सकाळपासून गाव कड्यावर गोळा झालं होतं. डोहात उतरायला बंदी होती, बघायला नव्हती. केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तमाल सुटले होते, संध्याकाळची तालीम म्हणून वाजंत्रीवाले तिथेच वाजवत होते. सेराफिनच्या विरोधात असणाऱ्यांनी लाल फिती बांधल्या होत्या, मास्तरांवर राग असणाऱ्या पोरांनी निळ्या. हिरवी फीत कोणीच बांधली नव्हती. लान्दीबाईंनी सगळ्यांना फुकट कॉफी दिली, कारण त्यांचा मूड फारच चांगला होता. बार्तोलो जत्रेचा पांढरा सदरा घालून, हातात कॉफीचा पेला धरून, कड्यापासून चांगला पाच पावलं मागे उभा होता.

"आला, आला," कोणीतरी म्हणालं.

वडाच्या मुळांखालून, खडकाच्या भेगेतून, एक बारीक धागा निळ्या पाण्यात उतरत होता. मग तो जाड झाला. मग तो फिरला, पसरला, आणि बघता बघता डोहाचा तो सगळा कोपरा पोपटासारखा हिरवा झाला. इतकं सुंदर काही साकहाने कधी पाहिलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेकाला आठवायला लागलं, की हिरवा कुणाचा.

वाजंत्री थांबली. सेराफिन पोतने आपली टोपी काढली, हवेत भिरकावली आणि झेलली. "माझी डुकरं," तो टोपी कवटाळून म्हणाला, "माझी बिचारी डुकरं."

बार्तोलोचा विश्वासच बसेना. तो कड्यापाशी गेला. पहिल्यांदाच, न घाबरता, कारण घाबरायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. खाली बघितलं. हिरवं होतं. तो लान्दीबाईंकडे वळला, पाठ डोहाकडे करून, आणि समजावू लागला.

"लान्दी, ऐक. ती पोकळी आहे ना, ती बहुतेक..."

बाई त्याच्याकडे चालत येत होत्या. चेहरा असा लालबुंद, की रुबीबाईंचा लाल रंग तिथेच उमटला म्हणावं. "बूडच नाही म्हणालास," त्या म्हणाल्या. "कोंबडी कापली मी त्यासाठी. गावाचं पाणी... अख्ख्या गावाचं पाणी मी... आणि मी मिरवत होते!" आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर एक धक्का दिला. जोराचा नव्हता. भांडताना देतात तेवढाच होता. पण मागे पाऊल टाकायला बार्तोलोला जमीनच नव्हती.

खाली जाता जाता बार्तोलोला पहिली गोष्ट सुचली ती ही, की हे काही एवढं उंच नाही. वर्षभर कशाला भ्यालो? आणि लगेच दुसरी, की तोंड बंद ठेवायचं, रुबीबाईंनी जंतूंबद्दल बजावलं होतं. मग हिरव्या उजेडात तो खूप खोल गेला. कानात घुमलं, पोटात गुदगुल्या झाल्या, आणि त्याला इतका आनंद झाला की तो आणखी थोडा वेळ खालीच राहिला.

वर आला तेव्हा सगळे कड्यावरून वाकून बघत होते. खडकात कोरलेला जिना चढून तो माथ्यावर उभा राहिला. टक्कल हिरवं, मिशा हिरव्या, जत्रेचा सदरा कोवळ्या भातासारखा. हातात कॉफीचा पेला तसाच होता.

"ताता," कारभारी विल्बेर्त खाकरला, "उडी मारलीत की पडलात?"

बार्तोलोने ओठ घट्ट मिटलेले होते. त्याने तोंडाकडे बोट केलं. रुबीबाईंनी धावत स्वच्छ पाण्याची बाटली आणि साबण आणला. त्याने तोंड धुतलं, मिशा धुतल्या, मग मान मागे टाकून सावकाश गुळण्या केल्या. गाव वाट बघत उभं होतं. गुळण्या करता करता बार्तोलो विचार करत होता. घसरलो म्हणावं, तर माफी, पण मग लान्दी कानकूनला. खरं सांगावं, तर लान्दी कोठडीत. म्हणजे सांगण्यासारखी गोष्ट एकच उरत होती. त्याने शेवटची चूळ टाकली.

"मी उडी मारली."

"उडी?" सेराफिन म्हणाला. "पाठमोरी? हातात कॉफी घेऊन?"

"कॉफी गार झाली होती."

"ताता, मग नियम नियम आहे," विल्बेर्त ओशाळून म्हणाला. "एक दिवस आत जावं लागेल."

"जातो," बार्तोलो म्हणाला, आणि त्याचा हिरवा चेहरा असा उजळला होता, की कोठडीत नव्हे तर वरातीत निघालाय असं वाटावं. त्याने लान्दीबाईंकडे पाहिलं. बाई काठावर खाली बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीत घेऊन. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या.

"खोटं बोलतोय तो," त्या म्हणाल्या. "मी ढकललं."

"लान्दी," बार्तोलो म्हणाला.

"मी ढकललं. सगळ्यांनी बघितलंय, सांगत कोणी नाही एवढंच." त्या उठल्या, घागरा झटकला. "चल विल्बेर्त, कुलूप काढ."

विल्बेर्तने डोकं खाजवलं. एकाने ढकललं होतं, दुसरा सरकारी माणसाशी खोटं बोलला होता, आणि साकहाच्या कचेरीला कोठडी एकच होती. शेवटी त्याने दोघांनाही तिच्यात घातलं.

कोठडीत एक बाक होता, कोपऱ्यात केरसुणी, आणि गजांची एक खिडकी, थेट कचेरीच्या कमानींवर उघडणारी. बाहेर संध्याकाळच्या नाचासाठी फुलांच्या माळा बांधत होते. सान इसिद्रोचं मखर येऊन पोचलं होतं. लान्दीबाई बाकाच्या एका टोकाला बसल्या, बार्तोलो दुसऱ्या टोकाला, बाईंना रंग लागू नये म्हणून.

बार्तोलोने बाकावर टपकलेला हिरवा थेंब बाहीने पुसला.

"गप्प बसायचं होतंस," शेवटी बार्तोलो म्हणाला. "सगळं जमलं होतं. उडी झाली होती."

"खोट्या उडीवर लग्न करू? तो बघ, समोरच बसलाय मखरात. त्याला दिसत नाही का?"

"मग आता कानकून."

बाई खिडकीबाहेरच्या माळा बघू लागल्या. बार्तोलोला रडू येईलसं वाटलं, आणि हिरवे अश्रू आले तर कसं दिसेल, असंही वाटलं.

"गावाचा डोह आपण घाण केला, बार्तोलो," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं. माझ्या पानूचोंची तारीफ करत लोक तेच पाणी अंगावर घेत होते."

आपण, असं त्या म्हणाल्या होत्या. तो शब्द बार्तोलोने जपून बाजूला ठेवला.

"मी नवा खणतो," तो म्हणाला. "खडकात. बूड असलेला. सिमेंटचा."

"ती अट मी का घातली होती, माहीत आहे?" बाई मध्येच म्हणाल्या. "सगळ्या गावासमोर एकदम हो म्हणायची लाज वाटली. आणि म्हटलं, हा काही उडी मारत नाही. रोज सकाळी येईल, कड्यावर जाईल, घाबरेल, मग माझ्याकडे येऊन कॉफी पिईल. वर्षानुवर्षं. मला तेवढं पुरत होतं. उडी मारून मेलाबिला असतास तर?"

"आणि जत्रेआधीची मुदत?"

"ओळीत बसत नव्हती, तरी घुसडली. जीभ आहे माझी, ठाऊक नाही का तुला?" त्यांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "आज तू कड्यावरून दिसेनासा झालास. मग पाण्यातून वर येईनास. किती वेळ खाली होतास?"

"बरं वाटत होतं खाली," बार्तोलो ओशाळला.

"तुला बरं वाटत होतं. इथे वर माझा जीव गेला होता." बाईंनी पदराने नाक पुसलं. "तेव्हाच मी हो म्हणाले. मोठ्याने म्हणाले, शेजारच्या सेराफिनने ऐकलं. तू पाण्याखाली होतास, त्याला मी काय करू?"

बार्तोलो बाकावरून सरकला, इंचाइंचाने, आणि बाईंनी घागऱ्याला हिरवा डाग पडू दिला.

बाहेर वाजंत्री सुरू झाली. जोड्या नाचायला उतरल्या, पण सगळ्यांच्या माना कोठडीच्या खिडकीकडे वळलेल्या होत्या. तेवढ्यात गजांशी सेराफिन आला, हातात दोन ताटं घेऊन. "माझ्या डुकरांकडून," तो म्हणाला. "त्यांच्या मनात काही नाही." ताटं आत सरकवून तो जाईना, तिथेच उभा राहून दोघांकडे टकमका बघत राहिला, म्हणून लान्दीबाई उठल्या, त्याला हाताने बाजूला केलं, गज धरले आणि अशी काही आरोळी ठोकली की वडावरची पाखरं उडाली.

"बोंबा!"

वाजंत्री थांबली. नाचणाऱ्यांचे पाय थांबले. कोठडीतून आलेली बोंबा साकहाने कधी ऐकली नव्हती, पण नियमात कुठे मनाई नव्हती. विल्बेर्तने मुकाट्याने टोपी काढली. बाई संताकडे बघत म्हणाल्या:

"हिरवं टक्कल, हिरव्या मिशा, हिरवा झाला सदरा;
मीच ढकललं, मीच घेते बांधून माझ्या पदरा."

मग जो गलका उठला त्यात वाजंत्रीवाल्यांनी काय वाजवलं ते त्यांनाही कळलं नसेल. विल्बेर्त किल्ली घेऊन धावत आला आणि शिक्षा माफ झाल्याचं सांगू लागला. रुबीबाई हसत होत्या आणि एकीकडे, डोह अजून बंदच आहे, कोणी आनंदाच्या भरात उड्या मारू नका, असं घसा फोडून बजावत होत्या.

"माफी नको," लान्दीबाईंनी विल्बेर्तला सांगितलं. "दिवसाची शिक्षा आहे, दिवसभर बसू. नाच इथूनही दिसतो. तू कॉफी पाठव, आणि फिकी नको." मग त्या बाकाकडे वळल्या. "आणि उद्या बाहेर पडलास की आधी खड्ड्याला लाग. डोह उघडेपर्यंत मला गावाला तोंड दाखवायला लाज वाटणार आहे."

"लागतो," बार्तोलो म्हणाला. "किती खोल खणू?"

बाईंनी विचार केला.

"आत उभा राहिलास की डोकं वर दिसायला हवं," त्या म्हणाल्या. "दिवसभर मी बोलायचं कोणाशी?"